अठराव्या वर्षानंतरचें माहेर



पोरक्या मुलास आसरा देणें हें चांगलें कृत्य आहे, याविषयीं कोणाचें दुमत होणार नाहीं. उपाशी मुलास जेवूं घालावें, उघड्यास वस्त्र द्यावें, निराधारास छप्पर द्यावें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि आपल्या मंडळ्यांनीं यथाशक्ति तसें केलेंही आहे. परंतु या सत्कृत्याचा शेवट कोठें होतो, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. मूल लहान असतें तोंवर त्याची दया सर्वांस येते. तोच मुलगा वाढून त्याला मिसरूड फुटलें, किंवा तीच मुलगी लग्नाच्या वयाची झाली, म्हणजे आपल्या दयेस ओहोटी लागते. ज्याला एकदां आपलें म्हटलें, त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य अमुक एका दिवशीं संपलें असें म्हणतां येतें काय, याचा आज थोडा विचार करूं.

हा प्रश्न केवळ वादाकरितां काढलेला नाहीं. आपल्या देशांत २०१५ सालीं मुलांची काळजी व संरक्षण यांविषयींचा बाल न्याय अधिनियम झाला, आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अंमलांत आला. त्याप्रमाणें अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत मूल हें मूल गणलें जातें. ज्याला आईबाप नाहींत, किंवा असून ते सांभाळूं शकत नाहींत, अशा मुलास बाल कल्याण समितीच्या हुकुमानें बालगृहांत अथवा प्रतिपालक कुटुंबांत ठेवितात. अठरावें वर्ष पुरें झालें म्हणजे तेथील त्याचें मूलपण संपतें. पुढचा विचार कायदा करणारांनीं केलाच नाहीं, असें मात्र नव्हे. बालगृह सोडल्यानंतरच्या काळजीस अनुरक्षण असें नांव देऊन तिची तरतूद त्याच कायद्यांत केली आहे. नियमांप्रमाणें ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत, व विशेष कारण असल्यास तेविसाव्या वर्षापर्यंत देतां येते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ सालच्या सूचनांत तिच्यासाठीं दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. महाराष्ट्र सरकारनेंही २०१८ सालीं अनाथांकरितां शिक्षणांत व सरकारी नोकऱ्यांत १ टक्का जागा राखून ठेविल्या.

या सर्व गोष्टी चांगल्या आहेत, आणि त्यांची माहिती प्रत्येक उपदेशकास असावी. तरी कायद्याची भाषा नीट वाचली असतां असें दिसतें कीं, लहान मुलाची काळजी घेतलीच पाहिजे, आणि तेंच मोठें होऊन बाहेर पडलें म्हणजे त्याला मदत देतां येईल, असा तिचा रोख आहे. 'पाहिजे' आणि 'येईल' या दोन शब्दांच्या मधल्या जागेंत आपला प्रश्न उभा आहे. शिवाय कायदा फार झालें तर पैसा देईल, खोली देईल, नोकरीची वाट मोकळी करील. परंतु 'आज इतका उशीर कां झाला? जेवलास काय?' असें विचारणारें माणूस त्याला देतां येत नाहीं.

अशा एका मुलाची स्थिति क्षणभर डोळ्यांपुढें आणा. तो पांचव्या वर्षीं बालगृहांत आला. पुढें तेरा वर्षें तो घंटा वाजली कीं उठला, घंटा वाजली कीं जेवला, घंटा वाजली कीं निजला. एका माणसाला भात किती लागतो, पगार महिनाअखेरपर्यंत कसा पुरवावा, विजेचें बिल कोठें भरावें, ताप आला तर डॉक्टरकडे केव्हां जावें, हें ठरविण्याची पाळी त्याच्यावर कधीं आली नाहीं. मग एके दिवशीं वाढदिवस झाला, आणि थोड्याच काळांत एक पेटी, शाळेचे दाखले व निरोपाचीं चार वाक्यें घेऊन तो रस्त्यावर आला. शहरांत खोली पाहावयास गेला, तर घरमालक विचारतो, 'गांव कोणतें? घरीं कोण असतें?' हातीं अनामत रक्कम नाहीं, जामीन राहणारा कोणी नाहीं, आणि अर्जावर कायमचा पत्ता म्हणून काय लिहावें हें ठाऊक नाहीं. दिवाळीची किंवा नाताळाची सुटी लागली म्हणजे बरोबरचे सोबती पिशव्या भरून आपापल्या गांवीं जातात. तो त्यांस सांगतो, 'मला कामावर थांबावयाचें आहे.' कारखाना बंद असतो, हें त्याला ठाऊक असतें.

मुलगी असली तर भय दुणावतें. हिच्या मागें कोणी नाहीं, हें ज्याला कळलें त्याला तिला फसवावयास फार श्रम पडत नाहींत. कोणी गोड बोललें, लग्नाचें वचन दिलें, म्हणजे हाच आपला आधार असें वाटून ती त्याचा हात धरते. पुढें तो हात सुटला, तर तिनें कोणत्या दारीं परत जावें?

यावर विचारी माणसें एक आक्षेप घेतात, व तो ऐकून घेण्यासारखा आहे. तीं म्हणतात, 'अठरा वर्षांच्या मनुष्यास मत देण्याचा अधिकार आहे. त्याला किती दिवस अंगाखांद्यावर खेळवावें? पिलास पंख फुटले म्हणजे पक्षीणही त्यास घरट्याबाहेर लोटते. बालगृहांतील जागा मोजक्या. मोठ्यास ठेवून घ्यावें, तर एखाद्या लहानास दाराबाहेर राहावें लागेल. आणि फार मदत केली तर तरुण आळशी होतील, दुसऱ्याच्या ताटावर बसण्याची त्यांस संवय लागेल.'

या बोलण्यांत पुष्कळ तथ्य आहे. जागा मोजक्या आहेत हें खरें, आणि धडधाकट माणसानें कमावून खावें हेंही खरें. पण हाच न्याय आपण आपल्या पोटच्या मुलांस लावतों काय? अठरा वर्षांचा आपला मुलगा कॉलेजांत असतो. त्याची फी भरण्याकरितां आपण शेळ्या विकतों, सोसायटीचें कर्ज काढतों. तो नापास झाला तर रागावतों, पण त्याचें ताट वाढतोंच. पहिली नोकरी सुटली तर तो घरीं येतो, दोन महिने खाटेवर पडून राहतो, शेजारीपाजारी त्याला बोल लावतात, आणि मग तो पुन्हां उठून कामाला लागतो. त्याला आपण परावलंबी म्हणत नाहीं. 'पोर अजून लहान आहे, शिकेल' असें म्हणतों. म्हणजे ज्याच्या पाठीशीं आईबाप उभे आहेत, त्याला पांचसात वर्षें चुका करण्याची मोकळीक. आणि ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं, त्यानें मात्र एका रात्रींत शहाणें व्हावें, अशी आपली अपेक्षा! ज्याचे खांदे अधिक उघडे त्याच्यावर ओझें अधिक, असा हा न्याय झाला. पक्षिणीचा दाखलाही पुरता खरा नाहीं. घरट्याबाहेर पडलेल्या पिलाच्या चोचींत चिमणी पुढें कांहीं दिवस चारा भरवीत असते, हें आपल्या अंगणांत आपण पाहिलेंच आहे.

येथें दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. घरांत ठेवणें ही एक, आणि घरचें मानणें ही दुसरी. पहिलीस वयाची मर्यादा असूं शकेल, व असावीही. दुसरीस ती कशी लावावी?

हा भेद आपल्या भाषेस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. त्याचें नांव माहेर. लग्न झालेली मुलगी माहेरीं राहत नाहीं; तिचा संसार दुसरीकडे, तिची चूल वेगळी. तरी माहेर सुटत नाहीं. सणाला तिला बोलावणें जातें. पहिल्या बाळंतपणाला ती तेथें येते. सासरीं कांहीं बिनसलें तर भाऊ विचारपूस करावयास जातो. माहेर श्रीमंत असावें लागत नाहीं. परततांना तिच्या पिशवींत चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढेंच कदाचित् असेल. पण हिच्या मागें कोणी आहे, हें सासरच्या माणसांस कळतें, आणि तेवढ्यानें तिचें पुष्कळ रक्षण होतें. माहेर आहे म्हणून ती आळशी होत नाहीं. उलट अधिक धिटाईनें संसार करते. कित्येक दुर्दैवी मुलींस माहेर असूनही त्याचें दार बंद असतें, हें आपण जाणतों. आणि अशा मुलीकडे पाहिलें म्हणजे या उंबरठ्याची किंमत काय, हेंही कळतें. बालगृहांतून निघालेल्या मुलामुलींस आपण घर दिलें, पण माहेर दिलें नाहीं. मुलीला जसें तें लागतें तसें मुलालाही लागतें. त्याला तें मागतां येत नाहीं, इतकेंच.

शास्त्रांत पाहूं गेल्यास या विचारास आधार सांपडतो. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत दासाच्या सुटकेचा नियम आहे. सहा वर्षें सेवा केलेल्या इब्री दासास सातव्या वर्षीं मोकळें करावें, एवढ्यावर तो नियम थांबत नाहीं. त्याला रिकाम्या हातांनीं लावून देऊं नये. आपल्या कळपांतून, खळ्यांतून व द्राक्षकुंडांतून त्याला सढळपणें द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. खळ्यांतील धान्य आजच्या पोटाकरितां, आणि कळपांतील मेंढरूं पुढें वाढावयाच्या भांडवलाकरितां. मोकळें करणें आणि सोडून देणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें यावरून स्पष्ट होतें. या आज्ञेचें कारणही तेथें दिलें आहे: देणाऱ्यानें आपणही एके काळीं मिसर देशांत दास होतों, याची आठवण ठेवावी.

एस्तेरेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ती आईबाप नसलेली मुलगी. मर्दखयानें तिला आपली मुलगी मानून वाढविलें. पुढें ती शूशन येथील राजवाड्यांत गेली. मर्दखयाची जबाबदारी तेथें संपली, असें कोणीही म्हटलें असतें. पण तो दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घालीत असे. एस्तेर बरी आहे ना, तिचें काय होत आहे, हें कळावें एवढ्याचसाठीं. त्याला आंत जातां येत नव्हतें, व तेथें तिच्यासाठीं कांहीं करणें त्याच्या हातीं फारसें नव्हतें. तरी त्याचें विचारणें थांबलें नाहीं. हन्नेनें शमुवेलास लहानपणींच शिलो येथें आणून सोडलें, पण दरवर्षीं ती त्याच्याकरितां एक लहानसा झगा करून नेई. या वर्षीं मूल किती वाढलें असेल, हें मनांत आणल्याशिवाय तो झगा तिला बेततां आला नसता. आपली मदतही अशीच त्या त्या वर्षाच्या मापाची असावी. अठराव्या वर्षीं खोलीची अनामत रक्कम, विसाव्या वर्षीं कामाकरितां एखादी ओळख, पंचविसाव्या वर्षीं लग्नांत घरचें म्हणून उभें राहणारें कोणी.

आपण एके काळीं कोण होतों, ही आठवण आपल्या मंडळ्यांस तर फार जवळची आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांत आईबाप गमावलेलीं किती तरी मुलें मिशनांच्या अनाथगृहांत आलीं. पंडिता रमाबाई यांनीं स्वतः तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमावले होते, आणि भावाबरोबर पायीं वणवण केली होती. त्यांनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन काढलें, व पुढें दुष्काळांतील निराधार मुलींस व स्त्रियांस केडगांव येथें आश्रय दिला. तेथें केवळ अन्नवस्त्र मिळत नसे. शेती, विणकाम, शिकविण्याचें काम, छापखान्याचें काम असे उद्योग त्या मुलींच्या हातीं दिले जात. रमाबाईंनीं केलेलें शास्त्राचें मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यांत छापलें गेलें. बाहेर पडण्याच्या दिवसाची तयारी आंत आल्यापासूनच चाले, असा याचा अर्थ. त्या काळच्या अनाथगृहांत वाढलेले कित्येक जण पुढें शिक्षक, उपदेशक, सुतार, परिचारिका झाले. आज आपल्यांतील कांहीं घराण्यांची वंशावळ मागें नेऊं लागलें, तर आजोबांच्या किंवा पणजीच्या पलीकडे ती एका अनाथगृहाच्या नोंदवहीपाशीं येऊन थांबते. त्यांस कोणी तरी धंदा शिकविला, कोणी तरी त्यांचें लग्न जुळविलें, कोणी तरी त्यांच्या पहिल्या मुलाला पाहावयास गेलें. म्हणून आपण आहों.

परंतु एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माहेराचें नांव घेऊन मालकी गाजवूं नये. ज्याला आपण मदत केली, त्यानें जन्मभर आपल्यापुढें मान खालीं घालून उभें राहावें, अशी इच्छा पुष्कळांच्या मनांत न कळत शिरते. पाहुण्यांपुढें 'हा आमच्या आश्रयानें वाढला' असें सांगणें, घरकामाला फुकटचा हात म्हणून त्याला बोलावणें, त्याच्या जन्माची कहाणी चारचौघांत काढणें, हें दान नव्हे. तें दिलेलें व्याजासह परत घेणें आहे. त्याचा धर्म कोणता, तो उपासनेस येतो कीं नाहीं, यावरही आपली मदत टांगून ठेवूं नये. भाकर दाखवून जो विश्वास मिळतो, तो भाकर संपली कीं संपतो, आणि भाकरीचा हेतूही त्यानें मलिन होतो. तसेंच त्याच्या चुकांविषयीं मौनही धरूं नये. त्यानें पैसे उधळले, दारूच्या गुत्त्याची वाट धरली, तर घरच्या माणसाप्रमाणें रागवावें. फरक एवढाच कीं, घरचें माणूस रागावलें तरी 'पुन्हां येऊं नकोस' असें म्हणत नाहीं.

प्रतिपालक कुटुंबांस तर हा प्रश्न रोखठोकपणें भेटतो. मुलाच्या संगोपनाकरितां मिळणारी रक्कम तें अठरा वर्षांचें झालें म्हणजे थांबते. रक्कम थांबली म्हणून नातेंही थांबावें काय? ज्या मुलानें दहा वर्षें आपणांस आई व बाबा म्हटलें, त्याला दुसऱ्या दिवशीं आपण काय म्हणावयास सांगणार? तें नातें पैशानें बांधलें होतें कीं पैशानें केवळ त्याला हातभार लाविला होता, हें त्या दिवशीं सर्वांस कळतें. आणि सर्वांत आधीं त्या मुलास कळतें.

आतां खेड्यांतील लहानशा मंडळीनें काय करावें, असें कोणी विचारील. मोठ्या संस्था काढण्याचें आपणांस सामर्थ्य नाहीं, व त्याची गरजही नाहीं. जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांस किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षास विचारून, यंदा कोण बाहेर पडणार आहे हें पाळकांनीं वा उपदेशकांनीं समजून घ्यावें. मूल आंत असतांना त्याला परस्पर घरीं आणूं नये. बाल कल्याण समितीची परवानगी असावी. हा नियम मुलांच्या रक्षणाकरितां आहे. अनाथ प्रमाणपत्र, आधारकार्ड, जातीचा दाखला मिळण्यासारखा असल्यास तो, बँकेचें खातें व अनुरक्षणाचा अर्ज, हीं कामें अठरावें वर्ष लागण्यापूर्वींच उरकावीं. मागाहून एकट्या मुलानें कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे, असें होऊं नये. कोणी गवंडी असेल, कोणी वीजतंत्री, कोणी दवाखान्यांत परिचारिका. त्यांनीं एकेकास आपल्या हाताखालीं घ्यावें. भगिनींनीं बाजार कसा करावा, आठ दिवसांचें वाणसामान किती लागतें, हें शिकवावें. मुलग्यांसही शिकवावें.

याहून सोपें व याहून कठीण असें एक काम आहे. एका मुलामागें एका घरानें उभें राहावें. सगळ्या मंडळीनें सगळ्यांची काळजी करावयाची ठरविली, तर कोणीच कोणाची करीत नाहीं, हा आपला अनुभव आहे. एका घरानें म्हणावें, 'कायमच्या पत्त्याच्या रकान्यांत आमचा पत्ता लिही.' आठवड्यांतून एकदां फोन करावा. आजारी पडला तर पेज घेऊन जावें. सुटी लागली म्हणजे निमंत्रणाची वाट पाहावी लागूं नये, इतकें त्याचें येणें ठरलेलें असावें. यांत दरमहा फार पैसा लागत नाहीं. लागतें तें हेंच कीं, पुढल्या वर्षींही आपण तेथेंच असलें पाहिजे, आणि त्याच्या पुढल्या वर्षींही.

तो येईल त्या पहिल्या वेळीं कदाचित् बोलणार नाहीं. दाराशींच बसेल, पाणी मागावयास लाजेल, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जातों म्हणेल. ज्याच्यासमोर पुष्कळ दारें उघडून पुन्हां बंद झालीं, तो नव्या दाराची परीक्षा पाहिल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां उपदेश करूं नये. जेवावयास वाढावें, आणि निघतांना पुन्हां कधीं येणार तें विचारावें.

नाताळ येईल. त्या दिवशीं आपल्या घरीं किती पानें मांडावयाचीं, हें ठरवितांना प्रत्येक कुटुंबानें हा प्रश्न मनाशीं विचारावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.